वॉटी हॅडोची पांढरी रेघ

वॉटी हॅडोला एकाच गोष्टीची चीड होती. अंगचोरपणाची. दारुडा त्याला चालायचा, शिवराळ माणूस चालायचा, चर्चमध्ये न जाणारा तर फारच चालायचा, कारण तो स्वतः जात नसे. पण अंग राखून काम करणारा दिसला की तो त्याच्याकडे असा बघायचा, की त्या माणसाने मुकाट्याने उठून फावडं हातात घ्यावं.

स्कॉटलंडमधल्या ऑखनबर्न गावात एक कोळशाची खाण होती, एक फुटबॉल क्लब होता आणि चर्च दोन होती, एक प्रोटेस्टंट, एक कॅथलिक. दोन चर्चची माणसं एकमेकांच्या दुकानातून पावसुद्धा घेत नसत. खाणीत मात्र सगळ्यांना एकाच पिंजऱ्यातून खाली जावं लागे. वॉटी शाळा सुटल्या सुटल्या त्या पिंजऱ्यात उभा राहिला. बाप शेजारी होता. बाप वरून खालपर्यंत एक शब्द बोलला नाही. पाळी संपल्यावर, खाणीवरच्या न्हाणीघरात, तो पहिल्यांदा बोलला: "वळ."

तिथली रीतच होती ती. माणसं ओळीत उभी राहायची आणि प्रत्येक जण पुढच्याची पाठ घासून द्यायचा. पाठीवरची काजळी ज्याची त्याला काढता येत नाही. सकाळी ज्याच्याशी मारामारी झाली त्याचीही पाठ घासायची. हळू घासणाऱ्याला शिव्या पडायच्या. बापाने वॉटीची पाठ अशी घासली की रात्री त्याला पालथं झोपावं लागलं. पण कोळसा निघाला होता.

शनिवारी वॉटी गावच्या क्लबकडून, ऑखनबर्न थिसलकडून खेळायचा, बचावफळीच्या मधोमध. चेंडू त्याला खेळवता येत नव्हता. समोरच्याला खेळवू द्यायचा नाही, एवढं यायचं. चेंडूवर जाताना तो नुसता पाय घालत नसे, सगळं अंग घालायचा. तेवढ्या भांडवलावर इंग्लंडच्या एका क्लबने त्याला नेलं. तिथं तो काही वर्षं खेळला, तिथल्या मऊ पावाला आणि पातळ चहाला नावं ठेवत राहिला, आणि एका चिखलाच्या दिवशी गुडघा गमावून परत आला. सोबत बायको होती, इसा. ती मूळची ऑखनबर्नचीच.

लंगड्या माणसाला खाणीत खाली घेत नाहीत. त्याला वरच दिवेघरात ठेवलं. पाळीवर जाणाऱ्याला दिवा द्यायचा, येणाऱ्याकडून परत घ्यायचा. मग थिसलचा मॅनेजर सोडून गेला आणि क्लबच्या कमिटीने वॉटीला विचारलं. 'मॅनेजर' हा शब्द गावात कुणी वापरत नसे. खाणीत कामावर उभा राहतो तो मुकादम, आणि क्लबातही तो मुकादमच.

मुकादम म्हणून त्याची पद्धत साधी होती. खाणीच्या टाकाऊ दगडमातीचा काळा डोंगर गावामागे उभा होता. सरावाच्या दिवशी त्यावर धावत चढायचं. आधी वॉटी स्वतः चढायचा, एक पाय ओढत, आणि मग माथ्यावरून ओरडायचा. "मी लंगडा वर आलो! तुम्हाला काय पालखी पाठवू?" कुणी ओकला तर म्हणायचा, "जेवून कशाला आलास?" कुणी म्हणालं, मुकादम, आज दोन पाळ्या केल्यात, तर म्हणायचा, "मग पाय गरम असतील. चढ."

आणि मैदानाची पांढरी रेघ तो स्वतः मारायचा. सामन्याच्या दिवशी सकाळी चुन्याचं चाकाचं यंत्र घेऊन निघायचा आणि सुतासारखी सरळ रेघ ओढायचा. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. संघाला तो एवढंच सांगे: "रेघेच्या आत काम. बाकी जे काय असेल ते बाहेर ठेवून या."

हे नुसतं बोलणं नव्हतं. डॅनी कॉयलच्या वेळी गावाने ते पाहिलं होतं. कॉयल कॅथलिक होता. थिसलमध्ये तोवर कॅथलिक खेळला नव्हता. कमिटीचा अध्यक्ष पेटिग्रू, गावातला खाटीक, वॉटीकडे आला आणि म्हणाला, "वॉटी, पोरगा चांगला आहे, पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, ऑखनबर्नला अखेर एक डावखुरा मिळाला."

सरावात कॉयलला कुणी पास देईना. वॉटीने पाहिलं. शिट्टी मारली, चेंडू उचलून कॉयलच्या हातात दिला आणि बाकीच्यांना डोंगर दाखवला. "हा चेंडू आता याचा. याला वाटेल तेव्हा तो तुम्हाला देईल. तोवर धावा." कॉयल चेंडू छातीशी धरून पायथ्याशी उभा राहिला. दहा जण धावत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी कॉयलला शिव्या द्यायला सुरुवात केली, पाचव्या फेरीला त्याला नावाने हाका मारायला. मग कॉयलने चेंडू टाकला. पुढे तोच कर्णधार झाला. मधल्या बचावात, वॉटीच्याच जागी, वॉटीसारखाच सगळं अंग घालून तो खेळायचा. वॉटी त्याला कधी शाबास म्हणाला नाही. पण कॉयल चुकला तर त्याला सगळ्यांपेक्षा जास्त शिव्या मिळत, आणि गावाला त्याचा अर्थ कळत होता.

मग संप आला.

लंडनच्या सरकारला खाणी बंद करायच्या होत्या. खाणकाम करणाऱ्यांनी वसंतात काम थांबवलं. वॉटीने दिवेघराला कुलूप घातलं आणि खाणीच्या फाटकावर संपकऱ्यांबरोबर जाऊन उभा राहिला. संघातली गोली, म्हणजे गोलकीपर, सोडून सगळी माणसं खाणीतली. गोली मॅकफी शाळामास्तर होता. युनियनच्या हॉलमध्ये बायकांनी सार्वजनिक स्वयंपाकघर काढलं. इसा तिथं रोज बटाटे सोलायची. जवाचं सूप आणि बटाटे, बटाटे आणि जवाचं सूप. पेटिग्रू सुपाला हाडं पाठवायचा आणि हाडं पाठवल्याचं दिवसभर सांगायचा.

उन्हाळा गेला, बर्फ पडलं. कोळशाच्या गावात शेकोटीला कोळसा नव्हता. माणसं पोती घेऊन काळ्या डोंगरावर चढून कोळशाचे खडे वेचत होती. आणि थिसलचा संघ असा खेळत होता, जसा कधीच खेळला नव्हता. दिवसभर काम नाही, म्हणून पोरं डोंगरावर धावत होती. स्कॉटिश कपची एकेक फेरी पार पडली. आता घरच्या मैदानावर किर्कम्युअरला हरवलं, की पुढच्या फेरीत ग्लासगोचा मोठा संघ ऑखनबर्नला येणार होता. असं कधी झालं नव्हतं. वॉटीने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो शनिवार एका सामन्यावर येऊन ठेपला होता.

त्याच आठवड्यात निनियन टेट कामावर गेला.

टेट थिसलचा सेंटर फॉरवर्ड. संघाचे निम्मे गोल त्याचे. सकाळी फाटकावर बस आली. संप फोडणाऱ्यांना आत नेणारी, काचांना तारेची जाळी लावलेली बस. आत बसलेले बहुतेक जण टोपी ओढून खाली वाकायचे. टेट ताठ बसला होता. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं तेव्हा समोर वॉटीच उभा होता. बसवर शिव्या आणि बर्फाचे गोळे पडत होते. वॉटीने शिवी दिली नाही. त्याने पाठ फिरवली. त्याच्या शेजारच्याने पाठ फिरवली, त्याच्या शेजारच्याने फिरवली. ओळखीच्या संपफोड्यासाठी गावात हेच होतं. शिव्या परक्यांना.

टेटच्या लहान मुलीची छाती भरली होती, घरातली दारं जाळून झाली होती, असं त्याच्या बायकोने पुढे कुणाला तरी सांगितलं. वॉटीच्या कानावर ते आलं. तो म्हणाला, "थंडी सगळ्यांच्याच घरात आहे." आणि ते खरं होतं.

गुरुवारी सरावाला टेट बूट खांद्यावर टाकून आला. पोरं जागच्या जागी थांबली. तो एकटाच वॉर्म-अप करू लागला. कॉयल वॉटीकडे आला.

"मुकादम, हा इथं काय करतोय?"

"सरावाला आलाय."

"त्याला घालवा."

"का? लंगडतोय का तो?"

"तुम्हाला माहीत आहे का ते."

"मला एवढं माहीत आहे की तो आला आणि धावायला लागला. तुम्ही अजून उभे आहात."

"त्याला खेळवणार असाल तर आम्ही कपडे बदलणार नाही."

वॉटीचा आवाज चढला. "डॅनी, तुला आठवतं का रे काही? चेंडू छातीशी धरून कोण उभं होतं त्या डोंगराखाली? गाव म्हणत होतं याला घालवा. मी घालवलं?"

कॉयल मागे हटला नाही. "आठवतं. रोज आठवतं. पण मी कॅथलिक जन्मलो, मुकादम. मला कुणी विचारलं नव्हतं. हा बसमध्ये स्वतःच्या पायांनी चढला."

उत्तर नसलं की वॉटी जास्त ओरडायचा. "रेघेच्या आत काम! बाहेर काय ते बाहेर! शनिवारी ज्याला कपडे बदलायचे नसतील त्याने आत्ताच सांगावं, म्हणजे मी त्याच्या जागी धोब्याला खेळवतो!"

कपच्या सामन्यातून आपणहून बाहेर पडायला कुणाचीच तयारी नव्हती. वॉटीला वाटलं, जिंकलो. कॉयल डोंगराकडे वळला आणि धावत सुटला, सगळ्यांच्या पुढे. टेट सगळ्यांच्या मागे, मध्ये मोठं अंतर ठेवून. वॉटी माथ्यावर उभा होता. टेट वर पोचला तेव्हा वॉटी खाणीच्या धुराड्याकडे पाहत होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी संघाची नावं लिहायला बसला. इसा हात पुसत समोर आली.

"त्याचं नाव लिहितोयस?"

"गोल मग कोण मारणार? तू?"

"मी उद्या स्वयंपाकघरात बायकांना तोंड काय दाखवू?"

"बटाटे सोलायला तोंड लागत नाही."

"वॉटी हॅडो, ही जीभ माझ्यावर चालवू नकोस. एवढे महिने मी त्या थंड हॉलमध्ये उभी आहे, तू माझ्यावर चालवू नकोस." ती बसली. "त्याच्याशी बोललास का तू?"

"संपफोड्याशी मी बोलत नाही."

"एक शब्द नाही?"

"नाही."

"मग त्याला कळणार कसं, कुठं उभं राहायचं?"

"नावं भिंतीवर लावीन. वाचता येतं त्याला."

इसा त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली. ते हसणं वॉटीला आवडलं नाही. "म्हणजे खेळवायचं, पण बोलायचं नाही. आयुष्यभर लोकांना अर्धवट कामावरून शिव्या घातल्यास. हे काय आहे मग?"

"हे वेगळं आहे."

"असेल. मला काय, मी बटाटे सोलते."

शनिवारी सकाळी वॉटीने रेघ मारली. जमीन कडक होती, पण खेळण्याजोगी. दुपारी सगळं गाव आलं. संपकऱ्यांना तिकीट नव्हतं, एवढं एक चांगलं काम कमिटीने केलं होतं.

टेट मैदानात आला आणि उभ्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली. एकानेही ओरडून काही म्हटलं नाही. सगळ्या पायऱ्यांवर नुसते कोट आणि टोप्या. सामना सुरू झाला तशी माणसं परत वळली. पण चेंडू टेटच्या बाजूला गेला की पुन्हा पाठी. वाऱ्याने गवत वळावं तसं गाव वळत होतं.

टेट धावत होता. मोकळा होत होता, हात वर करत होता, बचाव फोडून गोलपुढे जात होता. पास आला नाही. चेंडू उजवीकडून आला, कॉयलकडे गेला. टेट समोर मोकळा. कॉयलने चेंडू मागे दिला. पुन्हा तेच. पुन्हा. किर्कम्युअरच्या पोरांना वीस मिनिटांत कळलं की या संघात एक माणूस कमी आहे. त्यांनी टेटवर पहारा ठेवणंच सोडून दिलं.

वॉटी रेघेवरून ओरडून ओरडून घोगरा झाला. "अरे, आंधळे आहात का? समोर द्या! समोर!"

"समोर कोण आहे, वॉटी?" पायऱ्यांवरून कुणीतरी विचारलं. "आम्हाला तर कुणी दिसत नाही!" आणि हशा झाला.

मध्यंतराला गोल झाला नव्हता. खोलीत चहा होता. वॉटीने चहाची किटली भिंतीवर मारली.

"तुम्ही दहा जण काय करताय? अं? मी तुम्हाला त्याच्याबरोबर बिअर प्यायला सांगितलं? त्याला मुलगी द्यायला सांगितलं? बाहेर त्याच्याशी बोलू नका. मीसुद्धा बोलत नाही! पण मोकळ्या माणसाला चेंडू न देणं म्हणजे कामचुकारपणा. मी तुम्हाला सगळं शिकवलं, हे कुणी शिकवलं?" तो कॉयलकडे वळला. टेट कोपऱ्यात बसला होता. "आणि त्याला सांग, त्यांचा डावा बॅक चेंडू मागे देताना आळस करतो. त्याच्यावर डोळा ठेवायचा."

कॉयल बुटाची नाडी बांधत राहिला.

"ऐकू आलं मला, मुकादम," टेट म्हणाला.

वॉटी कॉयलकडेच पाहत राहिला. "त्याला सांग, ऐकू आलं असेल तर बरं झालं."

मध्यंतरानंतरही बराच वेळ तसाच गेला. मग किर्कम्युअरच्या डाव्या बॅकने गोलीकडे चेंडू परत टाकला. आळसाने, हळू. टेट तिथं होता. त्याने चेंडू मध्येच अडवला, बाहेर धावलेल्या गोलीला एका अंगाने चकवलं आणि अवघड कोनातून, पडता पडता, जाळ्यात मारला. ऑखनबर्नच्या मैदानावर तसा गोल वॉटीने पाहिला नव्हता, त्याआधीही नाही आणि पुढेही नाही.

आणि गावाने तो पाहिलाच नाही. चेंडू टेटकडे गेला तशी सगळ्यांनी पाठ फिरवली होती. त्यांनी जाळं हललेलं फक्त ऐकलं. मग कुजबुज. कुणी मारला? कुणी नाव घेईना. सगळं मैदान शांत, आणि टेट गोलपाशी उठून उभा राहिला होता, गुडघ्यांवर माती, दोन्ही बाजूंना बघत. एक माणूस त्याच्याकडे गेला नाही. रेफरीने मध्याकडे बोट दाखवलं तेव्हा तो परत चालत आला.

थिसल एका गोलने पुढे होती. ग्लासगोचा संघ ऑखनबर्नच्या वाटेला लागला होता. आता फक्त धरून ठेवायचं होतं, आणि धरून ठेवणं हे वॉटीने जन्मभर केलं होतं.

मग किर्कम्युअरचा एक पोरगा मधून आला. साधा पोरगा, साधी चाल. समोर कॉयल. असा चेंडू कॉयलने हजार वेळा काढला असेल. तो चेंडूवर गेला. पायऱ्यांवरून पाहणाऱ्याला काही वावगं दिसलं नसतं. पण वॉटी त्याच जागी वाढला होता. कॉयलने पाय घातला. अंग घातलं नाही. कंबर मागेच राहिली. पोरगा बाजूने निघून गेला, आणि मॅकफी मास्तर बिचारा हात पसरत राहिला. बरोबरी.

वॉटीला एवढा राग आयुष्यात आला नव्हता. इंग्लंडमध्ये गुडघा गेला तेव्हा नाही, टेट बसमध्ये दिसला तेव्हाही नाही. टेटचं पाप त्याला कळत होतं, त्याला नाव होतं. हे मात्र त्याच्या हाताखाली, त्याच्या जागेवर, त्याच्या रेघेच्या आत झालं होतं. त्याने राखीव खेळाडूला उठवलं आणि हात वर केला.

कॉयल चालत रेघेपर्यंत आला. "मी?"

"तू."

"मी बाहेर? आणि तो आत?"

"तो धावतोय."

"मुकादम, सगळं गाव बघतंय."

"बघू दे. तू अंग चोरलंस. मी बघितलं."

कॉयल पांढराफटक पडला. अंग चोरलं, हे त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याने शर्ट काढला, घडी न घालता पांढऱ्या रेघेवर टाकला आणि उघड्या अंगाने, त्या थंडीत, खोलीकडे चालू लागला. त्याच्यामागे उजवा बॅक निघाला. मग डावा. मग एकेक करून सगळे. राखीव पोरगा मैदानात एक पाय टाकून थांबला आणि परत फिरला. शर्टांचा ढीग झाला रेघेवर.

मैदानात टेट आणि मॅकफी मास्तर राहिले. मास्तरने वॉटीकडे पाहून हात हलवला, म्हणजे आता मी काय करू. किर्कम्युअरची पोरं कमरेवर हात ठेवून उभी होती. आणि पायऱ्यांवरचं गाव, सगळं गाव, आता तोंड इकडे करून टाळ्या वाजवत होतं. कॉयलसाठी. त्या दिवसाची पहिली टाळी ती.

रेफरीने शिट्टी फुंकली. सामना संपला, कप संपला.

वॉटी खोलीत गेला तेव्हा पोरांनी आंघोळी उरकल्या होत्या. क्लबचं स्नानगृह म्हणजे एक मोठा फरशीचा हौद होता, सगळा संघ एकदम मावेल असा. हौदातून निघताना त्यांनी बूच काढलं होतं. पाणी गुरगुरत चाललं होतं. एकेक जण त्याच्या बाजूने दाराबाहेर गेला. त्याला ते अपेक्षित होतं.

पेटिग्रू दारात आला. "वॉटी, कमिटी बसली होती."

"बसणारच. उभं राहून तिने कधी काय केलंय?"

"हे बघ, मी तुझ्या बाजूने बोललो, पण…"

"पेटिग्रूसाहेब, माझ्या बाजूला उभे असता तर मला दिसला असता. तुम्ही काही छोटे नाही."

पेटिग्रूने टोपी घातली. "चाव्या सोमवारी दे."

"आत्ताच घ्या." वॉटीने चाव्या फेकल्या. पेटिग्रूला त्या झेलता आल्या नाहीत. जमिनीवरून उचलून तो गेला.

हौदाच्या खोलीतून आवाज आला. वॉटी आत गेला. टेट रिकाम्या हौदाच्या कडेला उभा होता, उघडा, पाठीवर मैदानाचा काळा चिखल वाळलेला. त्याच्यासाठी पाणी ठेवलं नव्हतं.

वॉटी वळून जायला निघाला.

"मुकादम," टेट म्हणाला. "मला खेळवलंत कशाला?"

वॉटी दारातच थांबला.

"शिवी तरी द्या. कॉयल बरा. त्याने मला पास दिला नाही आणि देणार नाही हे आधी सांगितलं. तुम्ही माझं नाव भिंतीवर लावलंत. एक शब्द बोलला नाहीत. शेजारी उभा असताना म्हणता, त्याला सांग." तो वॉटीकडे तोंड करून उभा राहिला. "पास तुम्ही तरी कुठं दिलात?"

वॉटीला इसाचं हसणं आठवलं. कॉयलने पाय घातला होता, अंग घातलं नव्हतं, आणि त्यासाठी त्याला त्याने साऱ्या गावासमोर बाहेर काढलं. आणि स्वतः काय घातलं होतं? एक नाव. भिंतीवर.

त्याने बूच आपटून बसवलं आणि नळ सोडला. गार पाणी आलं, बर्फासारखं. फळीवरून साबण घेतला, फरशी घासायचा ब्रश घेतला.

"वळ," तो म्हणाला.

टेटला आधी कळलंच नाही. मग तो वळला.

वॉटी घासू लागला. बापाने घासली होती तशी, जोरात, आणि तोंड एकसारखं चालू होतं. "बसमध्ये चढलास ते मी मरेपर्यंत माफ करणार नाही. समजलं? रस्त्यात भेटलास तर ओळख देणार नाही. सरळ उभा राहा! मध्यंतराआधी कॉर्नरला दोनदा उशिरा पोचलास. दोनदा! आणि गोल मारून उभा राहिलास. कशाची वाट बघत होतास? टाळ्यांची?"

"हो," टेट म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"गोल मारला की मागे धावायचं. टाळ्या मिळोत, न मिळोत. त्यानंतर तू मागे बचावाला आला असतास तर तो पोरगा मधून आला नसता. हात वर कर. गोल चांगला होता. हात वर कर म्हटलं ना!"

पाठ लाल झाली. चिखल निघाला. वॉटीने ब्रश हौदात फेकला आणि निघून गेला.

पुढे संप संपला. हरलेली माणसं बँड वाजवत, झेंडा घेऊन खाणीवर परत गेली. वॉटीने दिवेघराचं कुलूप काढलं. टेट खिडकीपाशी आला की तो दिवा पुढे सरकवायचा आणि दुसरीकडे बघायचा. शब्द दिल्याप्रमाणे रस्त्यात त्याने कधी ओळख दिली नाही. वर्षभरात टेट बायकोमुलीला घेऊन कॅनडाला गेला. खाण त्यानंतर थोडीच वर्षं टिकली. दुसऱ्या कुठल्या क्लबने वॉटीला विचारलं नाही, आणि तोही कुणाच्या दारात गेला नाही.

थिसलचा मुकादम कॉयल झाला. वॉटी दर शनिवारी सकाळी कुंपणापाशी येऊन उभा राहायचा, कारण कॉयल रेघ वाकडी मारायचा.

"अरे, यंत्राकडे काय बघतोस! पलीकडच्या खांबाकडे बघ! दारू प्यायल्यासारखी रेघ आहे ती!"

कॉयल वाकडी रेघ तशीच ओढत न्यायचा. हे कित्येक शनिवार चाललं. गाव त्यावर हसायचं.

एका शनिवारी तो मध्येच थांबला. यंत्र तसंच ठेवून कुंपणापर्यंत आला.

"मुकादम," कॉयल म्हणाला, "त्या दिवशी मी पाय घातला होता."

"पाय घातला होतास," वॉटी म्हणाला. "अंग नाही."

कॉयलने बुटाने कुंपणाच्या खांबावरचा चुना खरवडला.

"नाही," तो म्हणाला. "अंग नाही."

"मी पण नाही," वॉटी रागाने म्हणाला. "जा आता. चुना वाळतोय."

कॉयल परत गेला. त्याने यंत्र उचललं, मान वर केली, पलीकडच्या खांबाकडे पाहिलं आणि चालू लागला. वॉटी रेघ संपेपर्यंत कुंपणाला धरून उभा होता.